पेवातला बंदोबस्त

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्यानं घरात इन्व्हर्टर बसवून घेतला. जिन्याखाली पेटी, पेटीवर प्लास्टिकची फुलं, आणि बसवणारा माणूस गेल्यावर थोरल्याचं भाषण : आता चार तास वीज गेली तरी आपल्या घरात कुणाला कळणारसुद्धा नाही. बीडमध्ये राहून वीज गेलेली कळू नये, ही इच्छा मोठीच म्हणायची. मी भाषण ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेले आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लागलंय का ते पाहून आले. सुनेनं विचारलं, आई, मधेच पिठाचं काय? तिला काय सांगणार. घरात उजेडाचा बंदोबस्त झाला की माझं लक्ष आधी पिठाकडे जातं, आणि त्याला कारण माझे वडील.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पाटोद्याचा बाजार करून बैलगाडीनं दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव होतं. आबांची जमीन बऱ्यापैकी, आवाज मोठा आणि 'बंदोबस्त' हा शब्द फार लाडका. निजामाच्या राज्यात राहायचं म्हणजे चार उर्दू शब्द तोंडी असायचेच, पण आबांनी त्यातला हा एक शब्द जणू नावावर करून घेतला होता. पावसाचा बंदोबस्त, उंदरांचा बंदोबस्त, पाहुण्यांचा बंदोबस्त. ते बोलायचे आणि काम माय करायची, म्हणून घर चाललं होतं. गावातली पहिली गॅसबत्ती आबांनीच आणली होती. कुणाच्या घरी लग्न निघालं की आमच्याकडे माणूस यायचा आणि आबा बत्तीबरोबर स्वतः जायचे. लेकीला सासरी पाठवणाऱ्या बापानंसुद्धा केल्या नसतील इतक्या सूचना ते त्या बत्तीबद्दल करायचे. पंप ते स्वतः मारायचे. जाळी पेटून फस्स असा आवाज करत पांढरा उजेड पडला की मांडवातली माणसं नवरानवरी सोडून आबांकडे बघायची, निदान आबांचा तसा समज होता.

मग लढाई आली. ती कुठं चालली आहे हे गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण तिला घासलेट लागतं एवढं मात्र सगळ्यांना कळलं, कारण आमचं घासलेट बंद झालं. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात महिन्याला बाटलीभर मिळायचं, तेही दुकानदाराची मर्जी असेल तर. कंदिलाची काच पुसून खुंटीला अडकवली गेली. चुलीपुढे काम करायला एक चिमणी, म्हणजे वात घातलेली पत्र्याची डबी, तेवढी उरली. आबांनी ओसरीवर बसून जाहीर केलं की बाकीचं गाव अंधारात बसेल, आपलं घर बसणार नाही. आपण बंदोबस्त करू.

त्यांचे बंदोबस्त मी पाहिलेत म्हणून सांगते. पहिल्यांदा बीडहून बॅटरी आली, चकचकीत, हातभर लांब. ती वापरली तर आतला मसाला, म्हणजे सेल, संपेल म्हणून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. वापरली नाही तरी मसाला संपतो हे चार महिन्यांनी कळलं, तेव्हा ती हिरवी पडून आबांच्या लग्नातल्या फेट्याला चिकटून बसली होती. मग मेणबत्त्या आल्या. त्या उंदरांना आवडल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून करंजीचं तेल आलं. त्याचा दिवा लावला की उजेड बोटभर आणि धूर खोलीभर व्हायचा, आणि आम्ही सगळे डोळे पुसत एकमेकांना दिसतंय का म्हणून विचारायचो. माय आपला उपाय करायची. ती बांधावरच्या एरंड्या वेचून आणायची, भाजायची, कुटायची, पाण्यात रटरटा उकळायची आणि वर तरंगलेलं तेल वाटीनं काढून गाडग्यात भरायची. आबांना त्या गाडग्याचा फार तिटकारा. "एरंडाचा कुठं उजेड असतो व्हय," ते म्हणायचे, "त्येनं पोट साफ व्हतं." माय वात वळत राहायची.

आबांचा खरा बंदोबस्त यापुढचा. कंट्रोल सुरू व्हायच्या आधीच ते गाडी जुंपून गेले होते आणि घासलेटचे दोन चौकोनी डबे, पत्र्याचे, तोंड झाळून बंद केलेले, कडब्याखाली झाकून घेऊन आले होते. आता कोतवालानं दवंडी दिली की ज्याच्या घरात घासलेटचा साठा सापडेल त्याला बेड्या पडतील. आबा दोन दिवस जेवले नाहीत. डबे माळ्यावर गेले, गोठ्यात गेले, गंजीत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी आबांना ते उघडे वाटले. तिसऱ्या दिवशी ते हसतमुखानं जेवायला बसले तेव्हाच माय म्हणाली की आता काहीतरी होणार.

चैत्र होता, ज्वारीची रास घरी आली होती आणि पेव भरायचं चाललं होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगणात विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. तळाला आणि कडेला भुसकट लावून त्यात ज्वारी ओतायची आणि तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपून टाकायची. वर्षाचं अन्न जमिनीखाली. आतली हवा कोंडून विषारी होते, त्यामुळे पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नाही. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडतात. दिवा विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरवायचा. अंमलदारसुद्धा पेवाच्या वाऱ्याला जात नाही, हे आबांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी आमचा सालगडी हरी याला शपथ घालून दोन्ही डबे अर्ध्या भरलेल्या पेवात, ज्वारीच्या मधोमध ठेवले. वरून उरलेली ज्वारी ओतली, फरशी ठेवली, माती लिंपली. मायनं फक्त विचारलं, "अवं, धान्यात राकेल कावून ठिवताव?" आबांनी उत्तर दिलं की बायकांना कायदा कळत नाही.

यातली गंमत त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आली नाही. पेव एकदा झाकलं की घरातल्या कणगीतली ज्वारी संपेपर्यंत उघडायचं नसतं. म्हणजे चैत्रापासून श्रावणापर्यंत आमचं घासलेट सुरक्षित होतं, सरकारपासून आणि आमच्यापासूनही. आम्ही एरंडाच्या पणतीपुढे जेवत होतो आणि आबा पेवाच्या जागेकडे बोट दाखवून सांगायचे, आपल्याला काय कमी हाय.

श्रावणात पेव उघडलं. आत दिवा सोडायचा तर कंदील हवा, कंदिलाला घासलेट हवं आणि घासलेट पेवात. आबा फरशीशेजारी उभे राहून बराच वेळ कंदिलाकडे बघत होते. शेवटी मायनं पणतीत एरंडेल घातलं, पणती गाडग्यात ठेवली आणि गाडगं दोरीनं खाली सोडलं. पहिल्या दिवशी विझली, दुसऱ्या दिवशी जळत राहिली. खाली फुटक्या डब्यातलं घासलेट, वर पेटती पणती आणि कडेनं वाकून बघणारे आम्ही सगळे. मी तर टाळ्या पिटत होते. हरी उतरला आणि उतरला तसा डोळे पुसत वर आला. ज्वारीच्या भारानं डब्यांची सांध उकलली होती. एक सगळा रिकामा, दुसऱ्यात अर्धं उरलेलं. तळाची ज्वारी तर भिजून गेलेलीच, पण चार महिने कोंडलेला वास वरच्या दाण्या-दाण्यात जाऊन बसला होता.

मायनं काय काय केलं नाही? ज्वारी उन्हात टाकली, पाण्यानं धुतली, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवली, राखेत घोळवली. वास आणखी मोकळा झाला. बाजरी खावी म्हटलं तर कणसात दाणा भरताना पाऊस लागून ती काळी पडली होती. विकत घ्यावी तर कुणाकडे विकायला नव्हती. बैलांपुढे कण्या टाकल्या, त्यांनी हुंगून तोंड फिरवलं. आम्हाला ती मुभा नव्हती. आबांनी पहिली भाकरी मोडली, घास चावला, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले की वास आहे म्हणजे या ज्वारीला किडा लागणार नाही. हा आणखी एक बंदोबस्त आपोआप झाला होता.

माणूस कशालाही सरावतो असं म्हणतात. महिनाभरात आबांना वास येईनासा झाला. मग मला कमी यायला लागला. आबा जेवून ढेकर द्यायचे आणि माय पेटती चिमणी हळूच लांब सरकवायची. उरलेलं अर्धा डबा घासलेट आबांनी धोतरातून गाळून बाटल्यांत भरून ठेवलं होतं. ते साधं घासलेट नाही, राखीव आहे, म्हणून त्याला हात लावायचा नाही. घरात एकट्या अक्काला वास पहिल्या दिवसासारखाच यायचा. अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी थोरली. पहाटे जात्यावर ती बसायची. पीठ नाकातोंडात जायचं, हाताला वास लागायचा, आणि ती हळद लावून, चिंच लावून हात धूत राहायची. जेवताना प्रत्येक घास ती आधी नाकाशी न्यायची, जणू आज तरी गेला असेल, आणि मग डोळे मिटून गिळायची. आबा तिला म्हणायचे, अन्नाला नाक मुरडू नये. ती म्हणायची, "नाक मुरडत न्हाई आबा, आशा हाय म्हनून बघते."

अक्काला पंधरावं सरत आलं होतं आणि त्या काळच्या हिशेबानं ती थोराड झाली होती. दोन ठिकाणांहून नकार आले होते. एकांना ती उंच वाटली, दुसऱ्यांना तिची जीभ लांब वाटली, आणि दोन्ही खरं होतं. मामानं एक स्थळ सुचवून ठेवलं होतं, चाळिशीला टेकलेला बिजवर, पहिलीची तीन मुलं. तुळशीचं लग्न झाल्यावर जे पाहुणे बघायला येणार होते त्यांनी नाही म्हटलं तर तिथं द्यायची, असं आबांनी मामाला सांगून टाकलं होतं. अक्काला हे माहीत होतं. रात्री माझ्याशेजारी पडली असताना ती एकदा म्हणाली होती, "मला दागिना नगं, साडी नगं. बिनवासाच्या भाकरीचं घर मिळू दे, बास."

पाहुणे दुपारी जेवायला यायचे होते. मायनं सकाळीच शेजारच्या गोदाकाकूकडून सूपभर चांगलं पीठ उसनं आणलं. घरात पायलीभर गहू सणासाठी राखून ठेवला होता, त्याच्या पुरणपोळ्या केल्या. दुरडीभर भाकरी, येळवणीची आमटी, ठेचा. घरभर कितीतरी महिन्यांनी नुसत्या ज्वारीचा वास सुटला होता आणि आम्ही सगळे चुलीभोवती घोटाळत होतो. दुपार झाली. दुपार टळली. पाहुण्यांची गाडी दिसेना. आबांनी दोनदा वेशीपर्यंत जाऊन येऊन निकाल दिला की आता ते येत नाहीत, आणि न येणाऱ्याच्या नावानं अन्न वाळवणं हे पाप आहे. माय म्हणाली, दिवस मावळेपर्यंत थांबा. आबा पाटावर बसले होते. वास येत नाही म्हणणाऱ्या आमच्या वडलांनी त्या दिवशी गोदाकाकूच्या पिठाच्या सहा भाकरी खाल्ल्या आणि पुरणपोळ्या वेगळ्या. मी चार खाल्ल्या. हरीनं किती खाल्ल्या ते मोजायला कुणाला सवड नव्हती. अक्का एकटीच जेवली नाही. दुरडी रिकामी झाली, फक्त आमटी उरली.

मायनं तुळशीपुढे दिवा ठेवला आणि त्याच वेळी अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वाटेत गाडीचा आस मोडला होता. नवरदेव, त्याचे वडील आणि गाडीवान, तिघं धुळीनं माखलेले, सकाळपासून उपाशी. आबा पुढे होऊन पाय धुवायला पाणी द्या, पाणी द्या म्हणत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मला खरी भीती दिसली. मायनं मला परडी देऊन परसदारानं गोदाकाकूकडे पिटाळलं. मी धापा टाकत जाऊन उभी राहिले तर काकू देवापुढे दिवा लावून हात जोडून बसलेली. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरातलं पीठ, मीठ, तेल बाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. हे मलाही माहीत होतं, आमच्या घरीही पाळत होते.

"सकाळी तुझ्या मायला सूपभर दिलं," काकू म्हणाली. "आता दिवा लागला. परडीभर सोनं ठिवलंस तरी माझ्याच्यानं देवनार न्हाई. तुझ्या बापाला म्हनावं, उजेडाचा येवढा बंदोबस्त करतूस, दिसाचा उजेड हाय तवर सोयरीक जुळवायची."

आणखी दोन घरी गेले. सगळीकडे दिवे लागले होते. मायनं माझी रिकामी परडी पाहिली. तिनं आमच्या डब्यातलं पीठ परातीत घेतलं. अक्का तव्यापाशी बसली. आपल्याला नाकारायला आलेल्या माणसांसाठी नाकारण्याचं कारण ती स्वतःच्या हातानं थापत होती. मी लहान होते, पण तिच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता आणि तो सगळा काही चुलीचा नव्हता, एवढं मला कळत होतं.

आबांना मात्र तेवढ्यात युक्ती सुचली होती. आपण गॅसबत्ती लावू, म्हणाले, म्हणजे वास बत्तीचा वाटेल. राखीव बाटल्या निघाल्या. घासलेट ओतलं, पंप मारला, बत्तीनं एक उचकी दिली आणि गप्प झाली. धोतरातून गाळलं तरी चार महिने भुसकटात भिजलेलं घासलेट ते, बारीक कोंडा नळीत जाऊन बसला होता. आबांनी पुन्हा पंप मारला, तार घातली, फुंकलं, आणि शेवटच्या ठोक्याला जाळीची राख होऊन ती त्यांच्या मिशीवर पडली. पाहुणे अदबीनं दुसरीकडे बघत होते. मग मायनं आतून पाच पणत्या पाठवल्या. एरंडाचा उजेड शांत, धूर नाही, वास नाही. ओसरी सोन्यासारखी उजळली. आमच्या घरची परिस्थिती त्या संध्याकाळी अशी होती की दिव्यात घासलेटचा थेंब नव्हता आणि भाकरीत होतं.

पानं वाढली. मी आमटी घेऊन उभी होते. अक्का दाराच्या फटीतून बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. नवरदेवाच्या वडलांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, आणि बोलत बोलत जेवायला सुरुवात केली. पहिला घास गेला. दुसरा गेला. आबा त्यांच्या जबड्याकडे टक लावून बसले होते. म्हाताऱ्यानं चार भाकऱ्या संपवल्या, पाचवी मागितली, आणि ठेचा झकास झालाय म्हणाला. गाडीवानानं मात्र एक घास खाऊन पाणी प्यायलं, मग आणखी पाणी प्यायलं. नवरदेव मान खाली घालून जेवत होता. त्याच्याकडे मी फार लक्ष देऊन पाहिलं नाही, माझं सगळं लक्ष म्हाताऱ्याकडे होतं. आबा तर जेवणं झाल्यावर आत येऊन मायला म्हणालेसुद्धा, "बघ, मी म्हनत हुतो न्हाई का, वास कसला न् काय कसला." पण मुलगी पसंत आहे का, हे पाहुण्यांनी सांगितलं नाही. सकाळी बोलू म्हणाले आणि आडवे झाले. आबांना कळलं की सकाळी बोलू याचा अर्थ काय असतो. आधीच्या दोघांनीही असंच म्हटलं होतं.

पहाटे मी जात्याच्या आवाजानं उठले. अक्का एकटीच दळत होती. मी समोर जाऊन खुंट्याला हात लावला. ती अगदी हळू म्हणाली, "त्येंच्याबी पेवात डब्बा हाय."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"त्येनं मान खाली घालून घास मोडला, नाकापाशी नेला, न् मंग खाल्ला. परत्येक घास. माझ्यावानी."

मला वाईट वाटलं. तिनं काय मागितलं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, मग अक्का, तिथंबी हीच भाकर? तिनं जात्यात मूठभर दाण्यांची वैरण टाकली. म्हणाली, "हीच. पन हुंगनारं एक मानूस तर हाय."

दिवस वर आल्यावर नवरदेवाच्या वडलांनी आबांना हाताला धरून अंगणात, नेमकं पेवाच्या तोंडापाशी नेलं. मी तोंड धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन मागे होते. आबांचा चेहरा नकार ऐकायला तयार झाला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे पाहुणा जाऊन चावडीवर सांगेल याची त्यांना धास्ती होती. म्हाताऱ्यानं फरशीवर पाय आपटून पाहिला.

"पाव्हणं, राग मानू नगा," तो म्हणाला. "रातच्या भाकरीचं मला काय कळलं न्हाई, माझं नाक कवाच गेलं. पर आमच्या गाडीवानानं पहाटं सांगितलं. खरं बोला. तुमचा येकच फुटला का दोनी?"

आबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग एका गुन्हेगारानं दुसऱ्याशी बोलावं तसं खालच्या आवाजात म्हणाले, "दीड."

"आमचे तिनी गेले," म्हातारा म्हणाला, आणि जन्मभराचा सोयरा भेटल्यासारखा खाली फरशीवर बसला. पुढचा तासभर दोघं डब्याची सांध, झाळ, ज्वारीचा भार आणि सरकारचा जुलूम यांवर बोलत होते. मध्येच कधीतरी लग्न ठरलं. हुंड्याचं बोलणं झालं का नाही मला आठवत नाही, पण पुढच्या साली डबे पेवात ठेवायचे तर मडक्यात घालून ठेवावेत, असं दोघांचं एकमतानं ठरलेलं मला पक्कं आठवतं. शहाणपण ठेच लागल्यावर येतं म्हणतात. या दोघांना ठेच लागली आणि दगडाला मडकं घालायचं सुचलं.

मार्गशीर्षात लग्न झालं. मांडवात आबांनी गॅसबत्ती टांगली, पेटवली नाही, नुसती टांगली, आणि उजेड मायच्या पणत्यांनी दिला. संक्रांतीला अक्का पहिल्यांदा माहेरी आली. आमच्या घरी अजून तीच ज्वारी चालली होती. मी तिला एकटीला गाठून विचारलं, कशी हाय गं तिथली भाकर? नेहमी फटकन बोलणारी अक्का लाजली. मी तिला लाजताना कधी पाहिलं नव्हतं, ते तिला जमतही नव्हतं. तिनं सांगितलं की सासरच्या पहिल्या पंगतीत तिनं घास मोडला, सवयीनं नाकाशी नेला, आणि त्याला काहीच वास नव्हता. तिनं दुसरा घास नेला. तिसरा. समोर आमचे दाजी बसले होते, जेवता जेवता तिच्याकडे न बघितल्यासारखं करत. आदल्या आठवड्यात ते आपल्या मामाच्या गावी पायी गेले होते आणि ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन आले होते. का आणलं म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, सहज. अख्खं घर त्या पोत्यावर जेवलं, पंधरा दिवसांत ते संपलं, आणि पुढे फाल्गुनात नवी रास येईपर्यंत अक्कानं परत घासलेटचीच भाकरी खाल्ली. आबांना मी ही गोष्ट कौतुकानं सांगितली तर ते म्हणाले, "येका पोत्यानं काय व्हतंय? बंदोबस्त करायचा तर वर्साचा करावा."

त्यानंतर सगळं आयुष्य गेलं. निजाम गेला, कंट्रोल गेला, पेवं बुजली. आबा गेले तेव्हा त्यांच्या खाटेखाली मेणबत्त्यांची पेटी निघाली, उंदरांनी खाल्लेली. माझं खूप चुकलं असेल, पण त्यांच्यावर मी हसले त्यापेक्षा जास्त प्रेम केलं, हे इथं लिहून ठेवते. अक्काची सवय मात्र सुटली नाही. भाकरीचा पहिला घास ती नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "पोत्यातली हाय." कुणाच्याही घरी, कुठल्याही ज्वारीची असो, चांगली भाकरी म्हणजे पोत्यातली. दाजी समोर असले की ते मान खाली घालून जेवत राहायचे, अगदी पहिल्या दिवसासारखे. आमच्या मुलांना वाटायचं की पोत्यातली ही ज्वारीची एक जातच आहे.

गेल्या आठवड्यात अक्का माझ्याकडे राहायला आली. नव्वदी ओलांडली आहे, उंची थोडी कमी झाली आहे, जीभ तेवढीच आहे. दाजींना जाऊन वर्ष व्हायचं आहे. संध्याकाळी जेवायला बसलो आणि वीज गेली. इन्व्हर्टर गुणगुणायला लागला, थोरल्यानं आमच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं, आणि वीस मिनिटांत तो तीनदा कोकलून बंद पडला. टीव्ही, फ्रिज आणि तीन पंखे त्यावरच लावले होते. माझ्या वडलांचा नातू आहे, मला आश्चर्य वाटलं नाही. मी उठून देवघरातली पणती लावली आणि पानांच्या मध्ये आणून ठेवली. सुनेनं गरम भाकरी अक्काच्या पानात वाढली. अक्कानं घास मोडला, नाकाशी नेला, समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि घास नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथंच धरून ठेवला.

"पोत्यातली न्हाई," ती म्हणाली, आणि घास खाल्ला.

सून गडबडून उठली. अंधारात चाचपडत जाऊन तिनं पिठाचा डबा उघडला, मूठभर पीठ घेऊन हुंगलं, पुन्हा हुंगलं. आई, याला कसलाच वास येत नाही हो, ती तिकडून म्हणाली.